गुणिले तीन

त्याला आईवडिलांनी ठेवलेलं एक चांगलं नाव होतं, पण युद्ध सुरू झालं आणि ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. वजनकाटे दुरुस्त करणारा कुठे बसतो असं गल्लीत विचारलं, तर लोक म्हणत, "गुणिले तीन का? ते काय, इस्त्रीवाल्याच्या शेजारी." पोस्टमनसुद्धा याच नावाने हाक मारायचा. बायकोने तेवढं अजून "अहो" सोडलं नव्हतं, पण त्या "अहो"तही आदर कमी आणि कंटाळा जास्त होता.

दुकान म्हणजे एक खोली. भिंतीवर टांगलेली पारडी, टेबलावर स्प्रिंगा आणि स्क्रू, फळीवर एक जुना रेडिओ, आणि दाराशी एक बाक. बाकावर गिऱ्हाइकं कमी आणि रिकामटेकडे जास्त बसत. त्यांना तो कधी उठवत नसे. "आयुष्यभर दुसऱ्यांची वजनं नीट केली," तो म्हणायचा, "पण घरात माझ्या शब्दाला गुंजभर वजन नाही. निदान बाकावर तरी असू दे."

आता हे नाव कसं पडलं ते सांगायलाच हवं, कारण त्यात त्याची कर्तबगारी शून्य होती. युद्धाच्या सुरुवातीलाच भंगारवाला त्याचा टांगता काटा घेऊन आला. कुणा अडाण्याने त्यात भलत्याच काट्याची जाड स्प्रिंग बसवली होती, त्यामुळे पोतं कितीही जड असो, काटा खऱ्या वजनाचा तिसरा हिस्साच दाखवायचा. नवी स्प्रिंग यायला वेळ होता. आपला माणूस काट्यात डोकं घालून बसला होता आणि फळीवर संध्याकाळच्या बातम्या चालू होत्या. रेडिओवरच्या बाईने जड आवाजात सांगितलं, की कालच्या हल्ल्यात आपले अठरा जवान मारले गेले. नेमकं तेव्हाच हा मान वर न करता भंगारवाल्याला म्हणाला, "जो काही आकडा सांगेल, त्याला सरळ तीनने गुणायचं आणि आपलं काम करायचं."

बाक खो खो हसत सुटला. शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांनी तर मांडीवर थाप मारली. हा मान वर करून बघतच राहिला. काय विनोद झाला ते कळलं, तेव्हा खुलासा करायला त्याने तोंड उघडलं, आणि परत मिटलं. उभ्या जन्मात त्याच्या बोलण्यावर एवढी माणसं एका वेळी हसली नव्हती. फुकट मिळालेला मोठेपणा परत करायचा तर माणूस संत लागतो, आणि हा काटे दुरुस्त करणारा होता.

तरीही प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण दोन दिवसांनी सरकारनेच आकडा सुधारला. अठरा नव्हे, चौपन्न. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. मास्तरांनी बाकावर बसल्या बसल्या गुणाकार केला, तो इस्त्रीवाल्याला सांगितला, इस्त्रीवाल्याने कपड्यांबरोबर घरोघर पोचवला, आणि आपला माणूस एका रात्रीत जाणकार झाला.

पुढे सरकारने एकही आकडा सुधारला नाही, पण त्याने काही बिघडलं नाही. रोज संध्याकाळी बातम्या संपल्या की बाक त्याच्याकडे बघे. हा हातातला स्क्रू सावकाश फिरवत म्हणे, "सात का? एकवीस." सगळे माना डोलवत. असं म्हणताना चेहरा कसा ठेवावा याचा त्याने घरी आरशासमोर सरावही केला. बायकोने पाहिलं आणि विचारलं, "कुठे दुखतंय का?"

लोकांचा संशय मात्र उगाच नव्हता. मोठ्या दवाखान्याच्या फाटकाशी गाड्या येत होत्या, पलीकडच्या आळीत एकाच आठवड्यात दोन घरी रडारड झाली होती, आणि रेडिओवरची बाई आपली रोज पाच, सात, नऊ म्हणत होती. सरकार काटा मारतंय हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. किती मारतंय ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि आपला माणूस ते छातीठोकपणे सांगत होता. सांगून सांगून त्यालाही ते खरं वाटायला लागलं, इतकं की त्या स्प्रिंगेचा त्याला स्वतःलाच विसर पडला.

त्याची धाकटी बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची आणि शिवणकाम करायची. तिचा एकुलता एक मुलगा फौजेत होता. उत्तरेकडच्या नदीवर एक पूल होता, त्याच्या राखणीला ठेवलेल्या तुकडीत. त्याने तुकडीचा एक फोटो पाठवला होता. सगळे पुलाच्या कठड्यावर ओळीने बसलेले. तिने तो शिलाई मशीनच्या वर भिंतीला चिकटवला होता आणि एकेकाची ओळख ती असं सांगायची जणू सगळी तिचीच पोरं. हा उंच, हा आळशी, हा मोठ्या कानांचा, आणि हा बुटका आमचा. भावाच्या गुणाकाराला सगळ्यात जास्त हसायची तीच.

एका संध्याकाळी रेडिओवरच्या बाईने सांगितलं, नदीवरच्या पुलावर हल्ला झाला, चार जवान ठार. बाकाने सवयीने मान वळवली. आपल्या माणसाने सवयीने स्क्रू फिरवला.

"बारा," तो म्हणाला.

कुणी मान डोलवली नाही. सगळे त्याच्या मागे, दाराकडे बघत होते. दारात बहीण उभी होती, भावाचा शिवून झालेला सदरा हातावर घेऊन.

"दादा," ती म्हणाली, "त्यांच्या तुकडीत बाराच जण आहेत."

त्याच्या पायाखालची जमीन सरकली. कुठला पूल, कुणाचा पूल, हे आकडा तोंडातून जाण्याआधी त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. एवढ्या दिवसांत एकदाही आलं नव्हतं.

"अगं, ते आपलं उगाच," तो म्हणाला. "चार म्हणजे चारच असणार. सरकार काही वेडं आहे का?"

मास्तरांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं.

"तूच म्हणतोस ना, तीनने गुणायचं?" बहीण म्हणाली.

"ते मी काट्याबद्दल म्हणत होतो गं. भंगारवाल्याच्या. त्याची स्प्रिंग जाड होती." आणि मग त्याने सगळं सांगून टाकलं, बाकादेखत. भंगारवाला, चुकीची स्प्रिंग, मास्तरांचं हसणं, आपलं गप्प बसणं. अब्रूचं पार खोबरं झालं.

"म्हणजे इतके दिवस आम्ही स्प्रिंगेवर देशाचा हिशेब करत होतो?" मास्तर म्हणाले.

बहिणीचा मात्र एका अक्षरावर विश्वास बसला नाही. "मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस," ती म्हणाली. "राहू दे दादा. आता तू पण त्या रेडिओवरच्या बाईसारखं बोलायला लागलास." तिने सदरा टेबलावर ठेवला आणि ती निघून गेली.

घरी गेल्यावर बायको म्हणाली, "एकदाच खरं बोललात, आणि नेमकं तेच कुणाला पटलं नाही." त्याच्या शब्दाला आता घरी-दारी कुठेच वजन उरलं नव्हतं.

त्यानंतर तो रोज सकाळी बहिणीकडे जाऊन बसू लागला. मशीन बंद, फोन लागत नाही, ती फोटोसमोर बसलेली. हा सरकारची बाजू मांडायचा. चार गेले म्हणजे आठ वाचले, आठांत आपला असणारच, सरकारला खोटं बोलून काय मिळणार आहे, सरकारकडे याद्या असतात, साहेब लोक असतात. इतकी बाजू तर सरकारच्या वकिलानेही मांडली नसती. ज्यांच्या नावाने त्याने इतके दिवस बोटं मोडली, त्यांचाच आकडा खरा निघू दे म्हणून तो वाटेत चालताना हात जोडत होता. आपण किती हास्यास्पद दिसत असू हे त्याला कळत होतं. तरी तो हात जोडत होता.

आणि एके दिवशी दुपारी भाचा आला. हात गळ्यात बांधलेला, गालफडं बसलेली, पण दोन पायांवर चालत. निरोप मिळाला तसा आपला माणूस उघड्या दुकानातून पळत सुटला. बहीण पोराचा चेहरा दोन्ही हातांत धरून बसली होती आणि काही केल्या सोडत नव्हती. तिघंही मनसोक्त रडले.

दुसऱ्या दिवशी भाचा दुकानात आला. त्याचा चेहरा पाहून बाकावरचे एकेक करून उठले आणि गेले.

"मामा, तू बारा म्हणालास म्हणे."

"तोंडातून गेलं रे."

"सरकार म्हणालं चार. गेले सात." तो भिंतीवरच्या पारड्यांकडे बघत होता. "म्हणजे सरकारने तिघांना जिवंत ठेवलं आणि तू आम्हा पाचांना मारलंस. हिशेबाने तुझीच चूक मोठी."

तो हसला. मामाने पण हसून बघितलं, पण ते जमलं नाही.

"त्या तिघांचं काय?" मामाने विचारलं.

"काही नाही. आकडा चार लागला ना, म्हणून चौघांच्या घरी माणसं गेली. या तिघांच्या घरी कुणी गेलंच नाही." तो पुढे म्हणाला, "तो मोठ्या कानांचा, त्याची आई इथेच राहते, बसस्थानकामागे. मला जायला हवं. पण मला नाही बोलता येणार तिच्यासमोर. तू चल ना, मामा. तुला सवय आहे."

मामा उठला. सवय या शब्दाची त्याला लाज वाटली, पण नाही म्हणायला तोंड नव्हतं. वाटेत तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता आणि सोडून देत होता. आरशासमोरचा तो चेहरा आता कामाचा नव्हता.

सायकलच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. दार उघडणाऱ्या बाईचे हात ओले होते आणि कान मोठे होते. भाच्याला बघून तिचा चेहरा फुलला.

"तू तो बुटका ना? फोटोत आहेस. ये, आत ये. हे तुझे वडील का?"

"मामा," भाचा म्हणाला.

तिने पदराला हात पुसले, दोघांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसली. "तुला सुट्टी मिळाली, त्याला नाही मिळाली वाटतं. त्या दिवशी मी किती घाबरले होते, काय सांगू. पण इथले लोक म्हणाले, चारच गेले, आणि ज्यांचे गेले त्यांच्या घरी साहेब लोक स्वतः जाऊन आले. आमच्याकडे कुणी आलं नाही. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला."

भाचा जमिनीकडे बघत होता.

"बाई," मामा म्हणाला, "तो आकडा खरा नाही."

हे वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलं होतं, हसत, पोक्तपणे, स्क्रू फिरवत. आता ते इतकं हळू निघालं की त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं. बाईने त्याच्याकडे पाहिलं, मग भाच्याकडे पाहिलं. त्याने मान वर केली नाही.

"असं नका म्हणू दादा," ती म्हणाली. "सरकार कशाला खोटं बोलेल?"