पोत्याची शिवण

दिवाळीच्या सुमारास गावाहून हलक्या, म्हणजे लवकर कापणीला येणाऱ्या धानाच्या नव्या तांदळाचं पोतं यायचं. बाबा तरुणपणी गोंदियाकडची शेती धाकट्या भावावर सोपवून भिलाईला कारखान्यात लागले. तेव्हापासून पहिलं पोतं थोरल्याचं, हा काकांचा नेम. पोत्याचं तोंड ते स्वतः दाभणाने शिवायचे. सुतळीचे टाके वाकडेतिकडे, मध्येच एखादी गाठ. त्या शिवणीवरून आई दरवर्षी हसायची.

एका वर्षी दसऱ्याला काकांचा फोन आला. "भाऊ, यंदा पोतं नाही होत. रोवणीच झाली नाही. पऱ्हे जागीच वाळले."

धानाची रोपं शेतात लावायच्या आधीच वाफ्यात वाळून गेली, हे बाबांना पटेना. वैशाली नगरच्या आमच्या घरी नळाला भरपूर पाणी होतं, आणि भादव्यात तर आठवडाभर हातातली छत्री सुटली नव्हती. त्यात बाबांचं आयुष्य भट्टीच्या कंट्रोल रूममध्ये गेलेलं. चार्टवर दिसेल ते खरं, माणूस तोंडाने सांगेल ते नंतर. ते माझ्याकडे वळले. मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणजे घरातली पंडितच.

"पाहून सांग वं, नकाशात काय हाय?"

मी मोबाइलवर पावसाचा नकाशा उघडला. काकांचा जिल्हा हिरवा होता. "सरासरीइतका पाऊस झाला, बाबा," मी म्हणाले. त्या आवाजातला मास्तरकीचा तोरा अजून माझ्या कानात वाजतो. बरं, तेवढ्यावर थांबावं ना! पावर हाउसच्या बाजारात जाऊन मी रंगीत प्रिंटही काढून आणली.

बाबांनी ती समोर ठेवून काकांना फोन लावला. "नकाशात तं पाणी हाय. मंग खोटं कावून बोलून राहिला?"

मी तेव्हाच फोन हातातून काढून घ्यायला हवा होता. घेतला नाही.

दिवाळीच्या दोन दिवस आधी गावचा एक माणूस पॅसेंजरने आला, पोतं टेकवून चहा पिऊन गेला. "पाहा, आलं का नाही?" असं म्हणत बाबा पोत्याजवळ बसले आणि सुतळीची गाठ शोधू लागले. तोंडावरची शिवण सरळ होती, मशीनची. पोत्यावर दुकानाचा छाप होता. तांदूळ विकतचा होता.

मग वर्गात पोरांकडून जे घोकून घेते ते मी केलं. रंग बाजूला ठेवून कोपऱ्यातली सूची वाचली. तो नकाशा सबंध हंगामाच्या पावसाचा होता. शोधून एकेका आठवड्याचे नकाशे काढले. रोवणीचे सगळे आठवडे ओळीने लाल. पाऊस पडला तो भादव्यात, पऱ्हे वाळून गेल्यावर, आणि तेवढ्या पावसाने जिल्हा हिरवा झाला होता.

मी ते बाबांपुढे ठेवले. त्यांनी प्रत्येकावर बोट ठेवून नीट पाहिलं. मग काकांना फोन लावला.

"पोतं कावून पाठवलं रे?"

काका शांतपणे म्हणाले, "तुमच्या नकाशात पिकलं ना, भाऊ. मंग पाठवाले नको?"

"चुकलो रे," बाबा म्हणाले. "असू द्या," काका म्हणाले आणि आईची तब्येत विचारली. चूक माझी होती, पण ते सांगायला मी तोंड उघडलं नाही. मला वाटलं, मिटलं.

पुढचा सगळा पावसाळा मी दर आठवड्याचा नकाशा पाहत होते. रोवणीला पाऊस आला, नंतरही वेळेवर येत राहिला. काकांचं धान झकास झालं, असं पोतं घेऊन आलेला गावचा माणूसच सांगत होता. तो गेल्यावर बाबांनी चष्मा लावला, पोत्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि पोतं न उघडता आत ठेवायला सांगितलं.

शिवण मशीनची होती.