सव्वादोनशे पौंडांची सवत

ओडेसा टॉलिव्हरला सवत होती. ती डेट्रॉइटला राहायची, वजन सव्वादोनशे पौंड, नाक दोनदा मोडलेलं आणि नाव क्लीओफस ब्रिम. नॉर्थ फिलाडेल्फियातल्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ओडेसा स्वतःच चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून सांगायची. बायका पोट धरून हसायच्या. ती हसत नसे.

तिचा नवरा हर्शेल आणि हा क्लीओफस अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात बॉक्सिंगमधल्या हेवीवेटच्या पट्ट्यासाठी पंधरा फेऱ्या लढले. क्लीओफस चॅम्पियन. हर्शेल गोदीतला हमाल, त्याच्यावर पैज लावायला त्याचा सख्खा मेहुणाही तयार नव्हता. अकराव्या फेरीत हर्शेल आडवा पडला. पहिल्या रांगेत बसलेली ओडेसा पिवळी टोपी हातात घेऊन खुर्चीवर चढली आणि किंचाळली, "हर्शेल, ऊठ! झोपायचं तर घरी येऊन झोप!" रेफरीचे दहापैकी आठ आकडे मोजून झाले तेव्हा तो उठला. तेराव्या फेरीत त्यानं क्लीओफसचा जबडा मोडला आणि शेवटी एका गुणानं हरला. ओडेसाचा घसा आठवडाभर बसला होता.

पण वर्तमानपत्रवाल्यांनी विचारलं तेव्हा हर्शेल म्हणाला, "मला काही ऐकू आलं नाही. खाली पडलं की रेफरीची बोटं तेवढी दिसतात." पुढंही जो विचारेल त्याला तो हेच सांगत आला. एवढं ओरडून बाईच्या वाट्याला काय आलं, तर शून्य.

मॅचनंतर दोघांना एकाच इस्पितळात नेलं होतं. दुसऱ्या दिवशी ओडेसा सूपचा डबा घेऊन पोचली, तर शेजारशेजारच्या खाटांवरून दोघांनी एकमेकांचा हात धरलेला. क्लीओफसचा जबडा तारांनी बांधलेला, हर्शेलचे डोळे सुजून मिटलेले. हर्शेलनं वासावरून ओळखलं आणि म्हणाला, "आधी त्याला दे. त्याला चावता येत नाही." तिनं दिलं. तेव्हापासून तिच्या पोटात जे जळायला लागलं ते कधी विझलं नाही.

त्या मॅचनं दोघांचाही कस काढून घेतला होता. क्लीओफसचा पट्टा वर्षभरात एका पोरसवदा बॉक्सरनं नेला. मग त्यानं बार काढला, तो बुडाला; तीन बायका आल्या आणि गेल्या. हर्शेल आणखी काही मॅच लढला, बहुतेक हरला आणि नगरपालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवर लागला. पण लोक ती मॅच काही विसरले नाहीत. कुठून बोलावणं आलं की दोघांना मिळून येई, फोटोवर सह्या दोघांच्या हव्या असत, आणि नावं तर जोडीनंच घेतली जात, टॉलिव्हर-ब्रिम. लग्न लावलं होतं ओडेसाशी, जोडी मात्र भलत्याशीच जमली होती. सोफ्याच्या वर त्या दोघांची रिंगमधली मिठी चौकटीत लटकायची. लग्नाचा फोटो जिन्यात, दिव्याच्या बटणाशेजारी.

आणि क्लीओफसचा रविवारचा फोन. चर्चहून आलं की तो वाजायचा. घरात 'हं' आणि 'मीठ दे' यापलीकडे न बोलणारा हर्शेल बोळात, फोनजवळ खुर्ची नेऊन तासभर खिदळायचा. ओडेसा स्वयंपाकघरात भांडी आपटायची. मी मेले तरी हा आधी त्यालाच फोन करून सांगेल, असं तिला वाटायचं, आणि ते वाटणं काही अगदी खोटं नव्हतं.

म्हातारपणी एका मंगळवारी क्लीओफसच्या मुलीचा, इव्हेटचा, फोन आला. हर्शेल घरी नव्हता.

"मिसेस टॉलिव्हर, पपांना मी माझ्याकडे आणलंय. त्यांचं डोकं आता ठिकाणावर नसतं. त्यांना फोन लावता येत नाही. हर्शेलकाकांना सांगाल, इकडे फोन करायला? नंबर घेता?"

"सांग, घेते," ओडेसा म्हणाली. तिच्या हातात पेन्सिल नव्हती आणि तिनं ती शोधलीही नाही.

पहिल्या रविवारी हर्शेल फोनजवळ बसून राहिला. दुसऱ्या रविवारी त्यानं जुना नंबर फिरवला, तो बंद झाला होता. ओडेसाला वाटलं होतं, आता रविवार माझा. तिनं डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा भाजला, कोलार्डच्या पानांची भाजी शिजवली, मक्याचा पाव केला. हर्शेलनं ताट पुढं सारलं आणि बोळातल्या खुर्चीवर जाऊन बसला. मैदान मारूनही ती टेबलाशी एकटीच जेवली. आणि आता तर ती जास्तच जळत होती, कारण गप्प बसलेला क्लीओफस बोलणाऱ्या क्लीओफसपेक्षा घरात जास्त जागा अडवत होता.

वसंत लागला तेव्हा एका रविवारी दारावरची घंटा वाजली. हर्शेल चर्चच्या सभेला थांबला होता. दारात इव्हेट, आणि तिच्या मागं तो, कपडे अंगावर लोंबणारा, हात मात्र अजून तेवढेच मोठे.

"ऐकेचनात," इव्हेट म्हणाली. "फिलाडेल्फियाला चल म्हणून रोज डोकं खात होते."

इव्हेट सामान आणायला गाडीकडे गेली. ओडेसानं त्याला सोफ्यावर बसवलं, बरोब्बर त्या तसबिरीखाली. तो तिच्याकडे टक लावून बघत राहिला. मग त्यानं हळूच विचारलं, "बाई, पिवळी टोपी कुठंय तुमची?"

ओडेसा समोरच्या खुर्चीवर बसली.

"आता ओरडू नका हं," क्लीओफस म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "पडलाय तो. पडू दे. मी दमलोय हो. तुम्ही ओरडलात की तो उठतो. माझ्यासाठी कुणी ओरडायला नाही इथं."

तेवढ्यात हर्शेल आत आला. त्यानं क्लीओफसला उभं केलं आणि दोघं कपाळाला कपाळ लावून उभे राहिले, तसबिरीतल्यासारखेच, फक्त आता एकमेकांना धरलं नसतं तर दोघंही पडले असते.

"फोन का नाही केलास रे गाढवा?" हर्शेल म्हणाला.

इव्हेट दारात होती. "काका, मी केला होता की. मिसेस टॉलिव्हरना नंबर पण दिला होता."

हर्शेलनं तिच्याकडे पाहिलं.

"हो, हो," तो इव्हेटला म्हणाला. "सांगितलं होतं हिनं. माझ्याच डोक्यातून गेलं. तुझ्या बापानं या डोक्याची कमी मशागत केलीय का?"

ओडेसा स्वयंपाकघरात गेली. तो मागून आला.

"खोटं का बोललास?" तिनं मागं वळून न बघता विचारलं.

"दुसऱ्यांदा बोललो," हर्शेल म्हणाला. "आधीचं ते, मला काही ऐकू आलं नाही म्हणायचो ते. बायको ओरडली म्हणून उठलो असं सांगायची लाज वाटायची. ऐकू आलं होतं, ओडेसा. तेवढंच ऐकू आलं होतं."

तिनं पदार्थ गरम केले. भाजलेल्या मांसाचा कडेचा कुरकुरीत तुकडा, जो इतकी वर्षं हर्शेलचाच असे, तिनं क्लीओफसच्या ताटात वाढला आणि तो बारीक कापूनही दिला, कारण त्याला आता धड चावता येत नव्हतं. क्लीओफस हर्शेलकडे बघून हसला, हर्शेल त्याच्याकडे बघून हसला, आणि ओडेसाच्या पोटात पुन्हा जळलं. खोटं कशाला बोला.

"हसताय काय नुसते," ती म्हणाली. "जेवा आता. आणि इव्हेट, तो नंबर परत सांग गं. थांब, पेन्सिल आणते."