पोरीला नावं ठेवणारी इन्शिराह

तुमच्या पोराला काय काय येतं, असं एखाद्या परक्या बाईनं दारात येऊन विचारलं, तर तुम्ही खरं सांगाल? छातीवर हात ठेवून बोला. आमच्या दुमियात गावातल्या सुतार गल्लीत तरी कुणी सांगत नाही. "खातं, झोपतं, बाकी काही नाही," म्हणायचं आणि विषय बदलायचा. पोराचं कौतुक तोंडातून निघालं की ऐकणाऱ्याची नजर लागते म्हणे. नाही लागत, हे तुम्ही इन्शिराहला जाऊन सांगा. मी तिची शेजारीण, सांगून दमले.

इन्शिराह नवऱ्याच्या कारखान्यात खुर्च्यांना पॉलिश करते. बोटं कायमची तपकिरी. तिचा पहिला मुलगा राएद वर्षाच्या आत बोलायला लागला आणि तिनं ते गल्लीभर मिरवलं. ईदच्या आठवड्यात ताप चढला, पोर गेलं. पुढं विसाम झाली तेव्हा इन्शिराह शहाणी झाली होती. पोरीला जुने कपडे, विस्कटलेले केस, आणि पाहुण्यांसमोर एकच नाव: "ही माझी फळी. लाकूड बरं, निदान त्याची खुर्ची होते."

विसाम कसली फळी! नऊ वर्षांची पोर बापाला नक्षीतली चूक दाखवायची, गिऱ्हाइकांच्या नकला करून कारागिरांना हसवायची. पण पुस्तक उघडलं की संपलं. ओळ सुटायची, शब्द अर्धाच हाती यायचा, मग पोटात दुखायला लागायचं. बुद्धी ठणठणीत, फक्त वाचनाशी जमत नाही, अशी मुलं सगळीकडे असतात. हे मी जुन्या बाजारातली पुस्तकं वाचून शिकले. पदवी नाही माझ्याकडं. कुणी मुद्दाम विचारलं तर मी भांडते.

गेल्या हिवाळ्यात विद्यापीठातून डॉक्टर गीलान आल्या. मुलांच्या वाढीचा अभ्यास चालला होता, घरोघरी जाऊन आयांना प्रश्न विचारायचे. मागं पडलेल्या मुलांबद्दल शाळाही त्यांचंच मत घेत होती. इन्शिराहच्या घरी काय झालं ते मला नंतर विसामनं करून दाखवलं, दोघींच्या आवाजात.

"गोष्ट सांगते का ती, सुरुवातीपासून शेवटपर्यंत?"

"कसली गोष्ट, डॉक्टरबाई! जेवलीस का विचारलं तरी भिंतीकडं बघते."

"एकटी दुकानात जाते?"

"गेली तर घर विसरेल."

हे चाललं होतं तेव्हा पुदिन्याचा चहा विसामच ओतत होती.

मग मुख्याध्यापिकेचं बोलावणं आलं. पुढच्या वर्षी पोरीला वेगळ्या शाळेत घाला. गावाच्या त्या टोकाला आहे ती शाळा, आमच्याकडं लोक तिला वेड्यांची शाळाच म्हणतात. तिथून परत आलेलं पोर मी पाहिलेलं नाही.

इन्शिराह रडत माझ्या दारात आली. "निअमतताई, काहीतरी कर गं."

"आता काय करू? तूच सांगितलंस ना, घर विसरेल म्हणून?"

"मी तिला वाचवत होते."

"छान वाचवलंस!"

एवढं बोलून मी चपला घातल्या. काय करणार?

डॉक्टर गीलान शाळेतल्या एका खोलीत बसल्या होत्या, डोळ्यांखाली काळं, समोर गार झालेला चहा. मी आत शिरताच तोफ डागली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "वाचन मी स्वतः तपासलं. कच्चं आहे. घरी काय करते ते आईनं सांगितलं, तेही कच्चंच. मी काय समजायचं?"

"आमच्या गल्लीत आईला असं विचारत नाहीत."

"मग कसं विचारतात? सांगा, मी तसं विचारते."

 मग त्याच म्हणाल्या, "पुन्हा घेऊन या तिच्या आईला. पण सांगायचं त्यांनी. तुम्ही नाही."

दुसऱ्या दिवशी इन्शिराह त्या खोलीत बसली. मग माझ्याकडं वळली.

"ताई, तू बाहेर जा."

"मी?"

"रागावू नकोस. तुला मूल नाही. तुझ्यासमोर पोरीचं चांगलं मला नाही बोलता येणार."

काम टाकून, उन्हातून हिला इथवर आणलं कुणी? मी! तोंडावर आलेलं गिळलं. दार मात्र आपटलं. बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

आतून आवाज आला, "दार नीट लागलंय ना?" मग हळू, अडखळत: "गोष्ट सांगते ती. रोज सांगते, कारागीर काम थांबवून ऐकतात. अल्ला राखो तिला. दुकानात जाते, शेजाऱ्यांचंही आणते. अल्ला राखो. मी राएदच्या आठवणीनं गप्प झाले की येऊन माझं डोकं दाबते, त्याचं नावही तिला कुणी सांगितलेलं नाही. वाचता येत नाही, ते खरं. बाकी मी खोटं बोलले." आणि मग तिचा बांध फुटला. मी बाकावरून उठले नाही.

डॉक्टर बाहेर आल्या. "एक वर्ष इथंच ठेवा म्हणून सांगते. पण रोज कुणीतरी शेजारी बसून वाचून घ्यायला हवं. शाळेकडं माणूस नाही."

माणूस कधी असतो? म्हणून मी बसते. दुपारी, करवती थांबलेल्या असतात तेव्हा. विसामचं ऐकून आणखी दोन पोरं आली, तीही तशीच. संध्याकाळपर्यंत माझा घसा बसतो, डोळे चुरचुरतात. विसाम आता बिचकत का होईना, एक ओळ पुरी करते. वर्ष संपत आलंय, तेवढ्यावर शाळा तिला ठेवील का, मला माहीत नाही. इन्शिराह गल्लीत अजून तिला फळीच म्हणते. मला चीज-पाव आणून देते, पण माझ्या डोळ्याला डोळा देत नाही. राग येतो, पाव खाते.

मला एकटीला आता होत नाही. तुम्हाला वाचता येतं, म्हणून मागते: तुमच्या गल्लीतली अशी एखादी पोर शोधा, रोज थोडा वेळ तिच्याशेजारी बसा, आणि ती अडली की लगेच पुढचा शब्द सांगून टाकू नका. जरा थांबा.