एकतीस इंचांचं वैर

आमच्या गल्लीच्या तोंडाशी खेळाच्या सामानाचं दुकान आहे. ते चालवते इंचबाई. हे नाव अर्थात पाठीमागचं. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याला दुकानात डुलक्या लागायच्या, म्हणून काउंटरवर ही बसली, ती आजतागायत उठलेली नाही. गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत हिच्या डोळ्यांनी त्याचा दंड, खांदा, पोट सगळं मोजून झालेलं असतं. चुकीच्या मापाची बॅट तिने कुणाला दिलेली नाही. एका आडदांड माणसाला "आधी पोट उतरवा, मग बॅट बघू" म्हणून तिने परत धाडला, हे मी या कानांनी ऐकलंय.

या बाईचं आणि तिच्या नणंदेचं बारा वर्षं विळ्या-भोपळ्याचं सख्य. कारण दोघींनाही आठवत नाही. मला आठवतं, पण त्यात एक जळलेली साडी आहे आणि दोघींच्याही बाजूने बोलण्यासारखं काही नाही.

नणंद कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला, आणि तिथल्या बायकांच्या बेसबॉल टीममध्ये. तीन सामने झाले, बॅटला चेंडू शिवलेला नाही. रविवारीही नाही लागला तर नाव कटणार, असं मुकादमबाईने सगळ्यांदेखत सुनावलेलं. मग काय, नाक मुठीत धरून आली वहिनीच्या दारात. मी म्हातारा तिथेच बाकावर नवे बूट घालून बघत होतो. एकच नाडी, वीस मिनिटं.

"चौतीस इंची काढ."

"वन्सं, हात आडवा करा." इंचबाईने बॅटची मूठ नणंदेच्या छातीला टेकवली आणि बॅट हाताच्या रेषेत धरली. टोक बोटांच्या बरंच पुढे गेलं. "तुम्हाला एकतीस."

"म्हणजे मी बुटकी?"

"मी हाताचं म्हणाले. बाकीचं तुम्हीच ओळखलंत."

"चौतीसच दे!"

"बरं, एका हाताने सरळ धरून दाखवा. तिसापर्यंत मोजते."

एकोणिसाला बॅटचं टोक फरशीला लागलं.

"तू मुद्दाम सावकाश मोजत होतीस!"

"आजोबांना विचारा."

मी बुटात तोंड खुपसलं.

"दादाला गुंडाळलंस तसं मला गुंडाळायला जाऊ नकोस. माझ्या बापाचं दुकान आहे हे!" चौतीस इंची बॅट खांद्यावर टाकून नणंदबाई चालत्या झाल्या.

रविवारी मैदानावर मी पहिल्या रांगेत. पहिला चेंडू मागच्या बाईच्या हातात जाऊन विसावला, तेव्हा हिची बॅट निघाली. दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला बॅटबरोबर ही स्वतःच गरकन फिरली आणि बसली. मुकादमबाईने तिथल्या तिथे नाव कापलं.

सोमवारी दुकान उघडतंय तोच नणंद हजर. गिऱ्हाइकांसमोर बॅट काउंटरवर आपटली.

"वैरिणी! तू एकतीस म्हणालीस की मी चौतीसच उचलणार, हे तुला पक्कं ठाऊक होतं. म्हणून खरं सांगितलंस!"

"खरं सांगितलं हा गुन्हा?"

"खोटं बोलली असतीस तर आज मी टीममध्ये असते!"

मला कुठलं राहवतंय! "काय गं, खरंच ठाऊक होतं तुला?"

इंचबाईने समोरच्या गिऱ्हाइकाचं पुडकं बांधलं, दोरी दातांनी तोडली.

"बारा वर्षं ओळखते हो आजोबा यांना," ती म्हणाली. "माप चुकेल कसं?"