उंबऱ्यावरची मासळी

"तुम्हाला सिकल सेल आहे," भंडाऱ्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. "रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. तुमच्या विळ्यासारख्या वाकतात आणि नसांत अडकतात. म्हणून हाडं दुखतात, डोळे पिवळे पडतात."

"मग हे विळे धानकापणीला भाड्यानं देऊ का, साहेब?" मी विचारलं.

ते हसले नाहीत. तेव्हा कळलं, प्रकरण भारी आहे.

मी सिहोऱ्याकडचा ढिवर, पिढीजात मासेमार. आमची मोजकी घरं गावाबाहेर, तलावाच्या पाळीवर. एकदा मी एवढी मरळ ओढली, की तलावाचं पाणी हातभर उतरलं. यावर विश्वास ठेवू नका. पुढचं मात्र खरं आहे.

माझा थोरला भाऊ असेच पिवळे डोळे घेऊन गेला. आम्ही कावीळ समजून झाडपाला देत बसलो. त्यालाही हेच असावं, असं डॉक्टर म्हणाले.

आमच्यात कर्ता माणूस गेला तरी त्याचा वाटा बंद होत नाही. जाळं ओढलं की मासळीचे ढीग पडतात; त्यातला एक मेल्याचा. पळसाच्या पानावर तो विधवेच्या उंबऱ्यावर ठेवायचा आणि निघून यायचं. हाक मारायची नाही. हाक मारली की ती भीक होते. भावामागं वहिनीचं घर असंच चाललं.

वॉर्डात मला सलाइन, मग रक्त चढवलं. हाडांत जणू अख्ख्या तुमसरच्या राइस मिल चालत होत्या. वहिनी उशाशी होती. बायको लेकरांना बघायला घरी गेली होती.

सकाळी तिनं दार उघडलं. उंबऱ्यावर पळसाचं पान, पानावर मासळी.

वहिनीचा फोन लागेना. बायकोनं चौकटीवर हात आपटून बांगड्या फोडल्या आणि तशीच बसनं भंडाऱ्याला आली. मी खाटेवर चहा पीत होतो.

"जित्ते आहा तुमी?"

"अजून तरी."

ती खाटेच्या दांडीला धरून खालीच बसली. मनगटांवर रक्त वाळलं होतं. मी चहाचा पेला खाली ठेवला.

मागोमाग आमच्या मासेमारीच्या टोळीतले म्हातारे सीतारामकाका आले. मान वर करीनात. म्हणाले, "पान मीच ठेवलं. आजाऱ्याच्या घरची भूक थांबते का, बाई?"

"मंग हाक काहून नाही मारली, काका?"

"हाक मारली असती त तू घेतलं असतं का?"

तिनं पदर मनगटांवर ओढला.

सुटी देताना डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया दिलं. ही गोळी पेशी वाकणं कमी करते, पण रोग मुळातून काढत नाही. शिवाय बजावलं, "भरपूर पाणी प्या. थंड पाण्यात उतरू नका." ढिवराला! तुमच्या घरी कोणाचे डोळे पिवळे होत असतील, हाडं ठणकत असतील, तर झाडपाल्याआधी रक्त तपासा. माझ्या भावाच्या वेळी आम्हाला ते सुचलं नाही.

आता मी पाळीवर बसून जाळी विणतो. माझा वाटा येतो. काका लांबूनच ओरडतात, "सूनबाई, जित्त्याचा वाटा व!" अख्खी पाळ हसते. मीही हसतो, सगळ्यांत मोठ्यानं.

मग काका शेजारच्या दाराशी जातात. वहिनीच्या उंबऱ्यावर पान ठेवतात आणि हाक न मारता परततात.