वहिनीचा कोरा रकाना

आप्पाचा, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या घरी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते. मागे कुणीतरी रडत होतं. मग म्हणाला, "शकू गेली गं..." शकू म्हणजे माझी वहिनी. सकाळी विभूती लावून वहिनी चहा ठेवायला गेली, छातीत कळ आली म्हणून स्वयंपाकघराच्या दारातच बसली, आणि मुखेडहून नांदेडला न्यायलाही तिने वेळ दिला नाही. दुपारी आम्ही पोचलो तर गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. तांड्यांवरून, खेड्यांवरून जीप करून बायका मातीला आल्या होत्या. त्यातल्या कितीतरी जणींना आम्ही घरचे लोक ओळखतही नव्हतो. "आमच्या पॉलिसीच्या बाई," असं म्हणून त्या रडत होत्या.

शकुंतला वहिनी मुखेडात विमा एजंट होती. आप्पाचं बी-बियाण्यांचं दुकान चांगलं चालायचं, घरात काही कमी नव्हतं. पण मुलगी शाळेत जायला लागली आणि वहिनीला दुपार खायला उठली. "ताई, घरात बसून माझं डोकं चढतं," असं मला सांगायची. परीक्षा देऊन परवाना मिळाला तेव्हा तिने सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते. मग स्कूटी आली, डोक्याला रुमाल आला, आणि आठवडी बाजारात तिची बैठक सुरू झाली. पॉलिसी खपवण्यात ती फारशी हुशार नव्हती, खरं सांगायचं तर. हप्ता झेपणार नाही असं दिसलं की समोरच्याला स्वतःच परत पाठवायची. पण कुणाच्या घरी माणूस दगावला की ही आधी भाकरीचं गाठोडं घेऊन जायची आणि क्लेमचं काम मग हळूच काढायची. हसायची इतक्या मोठ्यानं की आप्पा दुकानातून ओरडायचा, "अगं, गिऱ्हाईक भिऊन राहिलंय!" तिची आई देगलूरकडची, त्यामुळे भांडण रंगात आलं की वहिनी मध्येच कानडीत शिरायची आणि समोरचा माणूस गप्प व्हायचा.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. एजंटांची नव्याने चारित्र्य पडताळणी करायचं कंपनीनं काढलं. राहत्या गावच्या पोलीस ठाण्याचा अहवाल हवा होता, आणि आधी दुसरीकडे राहिलेल्यांनी तिथलाही द्यायचा होता. बायकांच्या बाबतीत दुसरीकडे म्हणजे माहेर. वहिनीने मुखेडचा अहवाल दिला, माहेरचा दिलाच नाही. 'पूर्वी कधी गुन्हा दाखल झाला आहे काय' हा रकानाही कोरा सोडला. शाखेतून आठवण झाली, पुन्हा झाली, ही आज देते-उद्या देते करत राहिली. शेवटी पडताळणी अपूर्ण म्हणून तिचा परवाना निलंबित झाला. बाजारात ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? "बाईंनी काहीतरी घोळ केला म्हणे," असं लोक दबक्या आवाजात बोलू लागले.

त्याच आठवड्यात ती एकटी एसटीने लातूरला माझ्याकडे आली. पाणी दिलं तर हातातच धरून बसली. "ताई, एक सांगते. तुम्ही ह्यांना सांगाल का?"

मग तिने जे सांगितलं ते ऐकून मी हातातलं काम खाली ठेवलं. तिचं माहेर उमरीजवळच्या एका खेड्यात. लग्नाआधी, ती नुकती सज्ञान झालेली असताना, गावातल्या बायकांनी मिळून हातभट्टी फोडली होती. मडकी फुटली, पिंपं उलटली, भट्टीवाल्याला थोडा मार बसला. पोलिसांनी बायकांवर गुन्हा दाखल केला. शकूचं नाव सगळ्यात वर, कारण पुढं तीच होती. वडिलांनी जामीन केला आणि घाईघाईनं मुखेडचं स्थळ पाहून लग्न उरकलं. सासरी एक अक्षर काढायचं नाही अशी शपथ घातली. बाकीच्या बायकांचा खटला केव्हाच निकाली निघाला. ही तारखांना कधी गेलीच नाही, म्हणून हिच्या नावापुरता तो तसाच पडून होता. माहेरच्या ठाण्यात चौकशी केल्यावर तिला कळलं की कागदोपत्री ती फरार आहे.

"मी फरार, ताई? दर बाजाराला चौकात बसते मी!" बोलता बोलता तिला हसू आलं आणि हसता हसताच ती रडायला लागली. परवाना गेल्याचं तिला दुःख होतंच. पण तो परत मिळवायचा तर आधी आप्पाला सांगावं लागणार होतं, आणि तिची सगळी भीती तिथे होती. मी म्हटलं, "वहिनी, मी नाही सांगणार. तू सांग. मी शेजारी बसते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मुखेडला गेलो. आप्पा जेवून उठत होता. वहिनीनं उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. आप्पानं हात धुतला, पुसला, बराच वेळ पुसला. मग विचारलं, "तुझ्या बापानं सांगितलं न्हाई ते समजलं. पर तू? पोरगी लग्नाला आली आपली... मला सांगायला काय झालं व्हतं?"

"तुम्ही माघारी धाडाल म्हणून."

"तवा धाडलं असतं का न्हाई, ते आता कोण सांगणार," तो म्हणाला आणि दुकानात निघून गेला. पुढे बरेच दिवस घरात कामापुरतं बोलणं. मला वहिनी फोनवर सांगायची, "जेवतात. बोलत न्हाईत." आप्पाला गुन्ह्याचा राग नव्हता. इतक्या वर्षांच्या संसारात आपल्यावर एवढाही भरवसा टाकला नाही, हे त्याला लागलं होतं. पण वहिनीनं वकील धरून खटला पुन्हा उभा करायला लावला, आणि उमरीच्या कोर्टाची तारीख आली त्या सकाळी त्यानं दुकानाला कुलूप लावलं, डबा स्वतः भरून घेतला आणि स्कूटीपाशी जाऊन उभा राहिला. "चल. फरार बाईला एकटीला कसं सोडू?" वहिनीनं मला हे किती वेळा सांगितलं असेल! दर वेळी तिचा आवाज त्या वाक्यापाशी ओला व्हायचा.

खटला उभा राहिला तेव्हा मीही कोर्टात होते. साक्षीला भट्टीवाला आला, पार म्हातारा, काठी टेकत. सरकारी वकिलांनी विचारलं, ह्या बाई त्यात होत्या का? त्यानं वहिनीकडे नीट पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. "साहेब, नजर गेली आता. वळखू येत न्हाई." दुसरा साक्षीदार हयातच नव्हता. वहिनी निर्दोष सुटली. बाहेर लिंबाखाली आम्ही डबा सोडला तर म्हातारा काठी टेकत टेकत तिथंच आला. "बरी हायस का, शकू?"

वहिनी उठून उभी राहिली. "म्हणजे वळखलं की तुम्ही, काका! मग आत का न्हाई बोलला?"

"माझ्या म्हातारीनं बजावलं व्हतं," तो म्हणाला. "तिचं नाव घेतलंस तर घरात पाय ठिवू नको, म्हणली. लई वर्सं झाली... तुम्ही भट्टी फोडली तवा ती घरात बसून हसली व्हती, मला मागून कळलं." आप्पानं त्याला शेजारी बसवून घेतलं आणि आपल्या डब्यातली धपाटी त्याच्या हातावर ठेवली.

निकालाची प्रत घेऊन आम्ही तिघं लातूरला कंपनीच्या कार्यालयात गेलो. चौकशीला एक मध्यमवयीन बाई अधिकारी होत्या. त्यांनी प्रत वाचली, म्हणाल्या, "ठीक आहे. म्हणजे तुम्ही त्या प्रकारात नव्हतात."

'हो' म्हटलं असतं की काम झालं होतं. वहिनी म्हणाली, "होते, मॅडम. मीच पुढं होते."

आप्पानं डोळे मिटले. अधिकारी बाईंनी चष्मा काढला. "कोर्टानं सोडलंय, तो विषय माझा नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, रकाना कोरा का ठेवलात?"

"घरात सांगितलं नव्हतं म्हणून. तिथं लिहिलं असतं तर घरी कळलं असतं."

"आता घरी माहीत आहे?"

वहिनीनं आप्पाकडे बोट दाखवलं. "हे काय, बसलेत की."

त्या बाई पहिल्यांदाच हसल्या. पण शिस्त ती शिस्त. माहिती दडवल्याबद्दल लेखी समज मिळाली आणि निलंबन आणखी काही काळ चाललं. वहिनीनं तक्रार केली नाही. "खरंच तर हाय, दडवलं होतं मी," एवढंच म्हणाली. त्या काळात नवी पॉलिसी करता येत नव्हती, तरी बाजारात ती नेहमीसारखी बसायची, आणि कुणी विचारलं की काय झालं, तर भट्टीपासून सगळं रंगवून सांगायची. गर्दी जमायची ऐकायला. परवाना परत आला तेव्हा आप्पानं पेढे वाटले.

दिवसकार्य आटोपल्यावर मी काही दिवस मुखेडलाच राहिले. दुकानाच्या मागच्या खोलीत, बियाण्यांच्या थैल्यांमध्ये, तीन खुर्च्या मांडलेल्या असत. एक वहिनीची, दोन येणाऱ्यांच्या. एकटा पुरुष पॉलिसीला आला तर अलीकडे ती त्याला माघारी पाठवायची, बायकोला घेऊन ये, तिच्यादेखत बोलू, मग सही. आप्पानं त्या खुर्च्या हलवल्या नव्हत्या. बाजाराच्या दिवशी लोह्याकडचं एक तरुण जोडपं दुकानाच्या पायरीशी आलं. नवऱ्यानं विचारलं, "बाई हायती का? मागल्या महिन्यात बाजाराला आलो व्हतो, तर जोडीनं या म्हणल्या."

आप्पा गल्ल्यावरून उठला, मागच्या खोलीचा दिवा लावला, दोन्ही खुर्च्यांवरची धूळ उपरण्यानं पुसली.

"बाई न्हाईत आता," तो म्हणाला. "पर या. दोघंबी बसा."