सांडपाण्याच्या रकान्यात शून्य

"मॅडम, या रकान्यात शून्य लिहून टाका," सुनंदाताई म्हणाल्या. "सगळेच तसं लिहून राहिले."

रकाना सांडपाण्याचा होता. टेंडर होतं सरकारी रुग्णालयांच्या कपडे धुलाईचं. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशन थिएटरातले हिरवे कपडे. सुनंदाताई रामटेके हे काम बऱ्याच वर्षांपासून करत होत्या. यजमान शाळेत शिक्षक. ताईंनी घराच्या अंगणात दोन मशिनींवर सुरुवात केली आणि पुढे भंडाऱ्याबाहेर, धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना लागून, मोठी शेड टाकली. बॉयलर आला, ड्रायर आले, आसपासच्या गावांतल्या बायका कामाला आल्या.

मी पर्यावरण सल्लागार आहे. लोकांना वाटतं मी झाडं लावते. मी मुख्यतः पाणी, धूर आणि कागद तपासते. पूर्वी नागपूरच्या एका लॅबमध्ये नोकरी होती, आता भंडाऱ्यातून स्वतःचं काम करते. आजवर माझी गिऱ्हाईकं म्हणजे राईस मिल आणि वीटभट्ट्या. लाँड्री पहिलीच.

यंदा टेंडरला नवी अट जोडली होती. पुरवठादाराने आपल्या कामाचा पर्यावरण अहवाल द्यायचा. पाणी किती, वीज किती, बॉयलरमध्ये काय जाळता, कोणती रसायनं वापरता, सांडपाणी कुठे सोडता, कामगारांना हातमोजे देता की नाही. ताईंना यातलं काहीच पटत नव्हतं.

"मी चादरी धुते. रुग्णालयाले माझ्या धुराचं काय करायचं आहे?"

मी त्यांना समजावलं. रुग्णालयाचा स्वतःचा धूर म्हणजे जनरेटरचं डिझेल, गाड्यांचं पेट्रोल. त्याला 'स्कोप वन' म्हणतात. विकत घेतलेली वीज कुठेतरी कोळसा जाळून येते, तो 'स्कोप टू'. आणि जी कामं दुसऱ्यांकडून करून घेतली, जो माल दुसऱ्यांकडून आणला, त्यांचा धूर 'स्कोप थ्री'. चादर रुग्णालयाची आहे. ती तुमच्या बॉयलरवर धुतली जाते म्हणून तिचा हिशोब संपत नाही.

"म्हणजे भांडी दुसऱ्याच्या घरी घासली तरी राख आपलीच," ताई म्हणाल्या.

मला हे माझ्या स्पष्टीकरणापेक्षा बरं वाटलं.

इंधनाचा रकाना सोपा निघाला. बॉयलरमध्ये ताई धानाचं तूस जाळत, म्हणजे राईस मिलमध्ये तांदूळ काढल्यावर उरतं ते टरफल. कोळशापेक्षा चांगलं. विजेची बिलं होती. पाण्याला मीटर नव्हतं, म्हणून मी बोअरवेलच्या पाइपाखाली ड्रम ठेवला, तो भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहिलं आणि पंप दिवसभरात किती वेळ चालतो त्यावरून हिशोब केला. या धंद्यातली निम्मी मोजमापं अशीच होतात.

मग सांडपाणी. शेडमागे तीन कप्प्यांची टाकी होती. प्रदूषण मंडळाच्या परवानगीच्या वेळी बांधलेली, नियमाप्रमाणे. पहिल्या कप्प्यात गाळ बसतो, दुसऱ्यात सोडा आणि ब्लीचचा जोर मारला जातो, तिसऱ्यातलं पाणी बागेला. कागदावर सगळं ठीक होतं. पण टाकी बांधली तेव्हा काम कमी होतं. काम वाढत गेलं, टाकी तेवढीच राहिली. दुपारी मशिनी एकदम रिकाम्या झाल्या की टाकी भरून वाहायची आणि फेसाळ पाणी कुंपणाखालच्या नालीने निघून जायचं.

"कुठं जातं हे?" मी विचारलं.

"तिकडं. शेतात जिरून जातं," ताई म्हणाल्या. तिकडे त्या कधी गेल्या नसाव्यात. काम शेडच्या पुढच्या दाराशी असे.

मी नालीच्या कडेकडेने चालत गेले. पाणी जिरत नव्हतं. ते एका बोडीत जात होतं. बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला राखलेलं लहान तळं. पावसाचं पाणी साठवायचं आणि ताण पडला की धानाला सोडायचं. काही जण त्यात मासेही टाकतात.

मी पीएच पेपर काढला. हा कागद पाण्यात बुडवला की रंग बदलतो आणि पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी ते कळतं. नालीत कागद गडद निळा झाला. म्हणजे सोडा भरपूर. नाली बोडीला मिळते त्या कोपऱ्यात निळसर. पलीकडच्या काठाला हिरवा, म्हणजे ठीक. बोडी अजून गेली नव्हती, पण कोपरा गेला होता. तिथे काठावर गवतही नव्हतं.

बोडीचे मालक देवाजी मेश्राम बांधावरून हे पाहत होते. साठीच्या पुढचे, अंगात बनियन, हातात विळा.

"पाणी तपासून राहिल्या काय जी?"

"हो काका. जनावरं पितात का हे?"

"या कोपऱ्याले तोंड नाही लावत. वास घेतात अन् फिरून जातात. त्या काठाले पितात."

"कधीपासून?"

"दोन पावसाळे झाले असतील."

"मग लाँड्रीत सांगितलं नाही?"

ते विळ्याने बांधावरचं गवत काढायला लागले.

लॅबचा रिपोर्ट आल्यावर मी ताईंसमोर ठेवला. त्यांनी तो वाचला, पालथा घातला.

"मॅडम, तुम्ही माह्या बाजूनं आहात का टेंडरवाल्यांच्या?"

"मी आकड्याच्या बाजूने आहे. तिथे शून्य लिहिलं तर खाली माझी सही येणार नाही."

"अन् आकडा लिहिला अन् टेंडर गेलं तर? एवढ्या बायका हातावर पोट घेऊन येतात. त्याइले काय सांगू?"

मी म्हटलं, आधी चला, बोडी बघा.

आम्ही दोघी गेलो. देवाजीकाका तिथेच होते. ताई चप्पल काढून काठावर उतरल्या, त्या कोपऱ्यात हात घातला आणि बोटं एकमेकांवर चोळून पाहिली. सोड्याचं पाणी बुळबुळीत लागतं. त्यांना मला विचारायची गरज पडली नाही. हे पाणी त्या रोज हाताळत होत्या.

"काका, तुम्ही मले सांगितलं काहून नाही?"

"कायले सांगू, ताई? रत्नमाला तुमच्याकडं कामाले येते."

रत्नमाला ही देवाजीकाकांची सून. लाँड्रीत घड्या घालायच्या टेबलावर असायची. मला हे तोवर माहीत नव्हतं. ताईंना अर्थातच माहीत होतं, पण ती बोडी आणि ही रत्नमाला एकाच घरची, हे त्यांनी कधी जोडून पाहिलं नव्हतं.

"तुम्ही सांगितलं असतं तर मी तिले काढलं असतं असं वाटलं तुम्हाले?"

"तसं नाही जी. पण सुनेनं घरी म्हटलं, बाबा, बोलू नका. मग नाही बोललो. तिच्या पगारावर नातवाची शाळा आहे. बोडीचं काय, पाऊस आला की भरते."

ताईंनी हात पदराला पुसला आणि चप्पल घातली. परतताना नालीजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, "लिहा, मॅडम. जे आहे ते लिहा. पण नुसतं पाप नका लिहू. त्याच्यापुढं काय करणार तेही लिहा."

अहवालात तशी सोय असते. त्याला सुधारणा आराखडा म्हणतात. आम्ही दोन गोष्टी लिहिल्या. एक, मोठी टाकी. दुसरी जास्त कामाची. कपडे शेवटी खंगाळतात ते पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असतं. ते फेकायचं नाही, साठवायचं आणि पुढच्या कपड्यांच्या पहिल्या धुण्याला वापरायचं. बोअरवर ताण कमी, नालीतही पाणी कमी.

टेंडर भरलं. काही आठवड्यांनी खुलाशासाठी बोलावणं आलं. रुग्णालयाच्या स्टोअरचा कारभार पाहणारे एक डॉक्टर समोर होते. आमचा अहवाल त्यांच्या टेबलावर उघडा होता.

"बाई, सगळ्यांनी सांडपाण्यापुढे 'निरंक' लिहिलंय. आकडा फक्त तुमचा आहे. तुम्ही स्वतःच कबूल करताय की पाणी बाहेर जातं. मी हे पास कसं करू?"

ताई माझ्याकडे पाहू लागल्या. मी म्हटलं, "सर, अटीत विचारलंय की सांडपाणी किती आणि कुठे जातं. विचारलं ते आम्ही सांगितलं. सोबत लॅबचा रिपोर्ट आहे आणि आराखडा आहे."

"अट मी लिहिलेली नाही. वरून आली आहे," ते म्हणाले. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "कपडे धुऊन सांडपाणी निरंक राहू शकतं का हो?"

"सगळं पाणी परत वापरलं तर राहू शकतं. यंत्रणा महाग असते. जिथे ती असते तिथे दाखवता येते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे मला आता बाकीच्यांनाही लॅबचा रिपोर्ट मागावा लागणार." आवाजात आनंद नव्हता. त्यांचं काम वाढलं होतं.

ताई तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. "साहेब, मले मुदत द्या. टाकी बांधते. तुम्ही स्वतः येऊन पाहा. नाही झाली तर काम काढून घ्या."

निकाल लांबला. लागला तेव्हा काम वाटून दिलेलं होतं. अर्ध्या रुग्णालयांचं काम ताईंना मिळालं, तेही मुदतीत टाकी दाखवण्याच्या अटीवर. उरलेलं अर्धं बाहेरच्या एका लाँड्रीला गेलं. त्यांनी सांडपाण्याच्या रकान्यात निरंक लिहिलं होतं आणि पुष्टीला एक रिपोर्ट जोडला होता. तो खरा होता की नाही, मला माहीत नाही. मी तिथलं पाणी तपासलेलं नाही.

पुढचे काही महिने ताईंना जड गेले. कुणालाही काढायचं नाही असं त्यांनी ठरवलं, म्हणून बायका आळीपाळीने कामावर येत आणि पगारही त्याच हिशोबाने घेत. काहींची कुरकुर झाली. एक जण सोडून गेली. रत्नमाला राहिली. मग लग्नाच्या हॉलचे पडदे आणि खुर्च्यांची कव्हरं धुवायला येऊ लागली आणि शेड पुन्हा भरली.

टाकी मुदतीत झाली. डॉक्टर स्वतः आले नाहीत, एका क्लार्कला पाठवलं. त्याने फोटो काढले आणि चहा घेतला. ताईंनी नाली बुजवली. बोडीच्या कोपऱ्यात पुढच्या पावसाळ्यानंतर मी पुन्हा पीएच पेपर बुडवला. हिरवा आला. गवत मात्र अजून पुरतं उगवलेलं नव्हतं, हेही मी नोंदवलं.

आता इतर पुरवठादारही माझ्याकडे येतात. पहिलाच प्रश्न असतो, "मॅडम, शून्य लिहिता येईल का?" मी सांगते, येईल, पण खाली माझी सही नसेल. शून्य लिहिलं की कुणी फारसं विचारत नाही. आकडा लिहिला की विचारतात, आणि विचारलं की काहीतरी बांधावं लागतं. बांधायची तयारी असेल तरच मला बोलवा. बरेच जण 'फोन करतो' म्हणून जातात. काही जण करतातही.